डीएक्स ११, डीएक्स १२ की व्हल्कन? आपल्या कार्डावर आपणच मोजून पाहू

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा परभणीला आमच्याकडे आला, तो लॅपटॉप घेऊनच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं वही पुढे केली. "मामा, डीएक्स १२ एकदम बेकार आहे. ११ वर गेम मस्त पळतो, १२ लावलं की निम्म्यावर येतो." (डीएक्स म्हणजे डायरेक्टएक्स, गेमनं ग्राफिक्स कार्डाशी बोलायची विंडोजमधली रीत. व्हल्कन ही तशीच दुसरी रीत.) वहीत आकडे नीट मांडलेले होते. लॅपटॉप तोच, गेम तोच, सेटिंग तीच. पोरानं मेहनत घेतली होती.

मी विचारलं, "दुसरी फेरी चालू असताना लाइट होती का?"

"होती की. पंखा चालू होता."

पंखा आमच्याकडे इन्व्हर्टरवर चालतो. त्याचा चार्जर मात्र खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये होता आणि त्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाइन नाही. दुपारी लाइट गेली, पंखा फिरत राहिला, ट्यूब जळत राहिली आणि लॅपटॉप गुपचूप बॅटरीवर गेला. बॅटरीवर गेला की लॅपटॉप ग्राफिक्स चिपची वीज तिथल्या तिथे आवळतो. निम्म्यावर आलं ते त्यामुळे. डीएक्स १२ चा त्यात काही दोष नव्हता.

मग दोघांनी मिळून सगळं पहिल्यापासून मोजलं. तीच रीत इथे लिहितोय. ज्यानं कधीच बेंचमार्क, म्हणजे गेमच्या वेगाची मोजणी, केलेला नाही त्यालाही जमेल. नवीन कार्ड घ्यायचं की आहे त्यावरच सेटिंग बदलून भागेल, हे ठरवायला याचा खरंच उपयोग होतो, आणि आपल्याकडे कार्डासाठी पैसे बाजूला काढायला किती महिने लागतात हे मला ठाऊक आहे.

आधी एपीआय म्हणजे काय ते

एपीआय म्हणजे गेमनं ग्राफिक्स कार्डाला काम सांगायची ठरलेली रीत. सोयाबीनच्या सीझनला लातूरच्या मोंढ्यात जाऊन बघा. ट्रॉल्या रांगेत उभ्या, कट्टे उतरवायला हमाल तयार, पण आडतीवर पावत्या फाडणारा मुनीम एकच असेल तर? हमाल कितीही तगडे असू देत, पावती हातात येईपर्यंत त्यांना उभंच राहावं लागतं. इथे हमाल म्हणजे ग्राफिक्स कार्ड, मुनीम म्हणजे प्रोसेसर, आणि एकेक पावती म्हणजे 'ही वस्तू काढ' असा एकेक हुकूम. त्या हुकमाला ड्रॉ कॉल म्हणतात.

डायरेक्टएक्स ११ आलं २००९ साली, विंडोज ७ च्या सोबत. ओपनजीएल तर १९९२ चं आहे. या दोन्हींत पावत्यांचं बहुतेक काम एकाच मुनिमाच्या, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या गळ्यात पडतं, आणि बाकीचा हिशोब ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतो. पुढे २०१३ मध्ये एएमडीनं मँटल नावाची नवी रीत जाहीर केली, २०१५ मध्ये विंडोज १० सोबत डायरेक्टएक्स १२ आलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ख्रोनोस ग्रुपनं मँटलच्याच पायावर उभं केलेलं व्हल्कन आलं. या नव्या रीतींत चार-सहा मुनीम एकाच वेळी पावत्या लिहू शकतात.

पण वजन, मोजदाद, गोदामातली जागा, सगळी जबाबदारी आता आडत्यावर, म्हणजे गेम बनवणाऱ्यावर येते. पूर्वी त्यातलं बरंच ड्रायव्हर बघायचा. म्हणून ज्यांनी काम नीट केलं त्यांचा गेम डीएक्स १२ वर उडतो, आणि ज्यांनी घाईघाईत जोडून दिलं त्यांचा ११ पेक्षाही अडखळतो. 'डीएक्स १२ चांगलं की वाईट' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही ते याच कारणानं. उत्तर त्या गेमपुरतं, त्या कार्डापुरतं आणि त्या प्रोसेसरपुरतं असतं.

पायरी पहिली: कार्डाला काय येतं ते बघा

विंडोजमध्ये रन उघडून डीएक्सडायग चालवा. पहिल्याच पानावर 'डायरेक्टएक्स १२' लिहिलेलं दिसेल आणि बरेच जण तिथेच खूश होतात. ते विंडोजचं आहे, कार्डाचं नाही. विंडोज १० किंवा ११ असलेल्या कुठल्याही मशीनवर तेच दिसतं. डिस्प्लेच्या पानावर जा आणि फीचर लेव्हल्स, म्हणजे कार्डाला डायरेक्टएक्समधलं कुठपर्यंत येतं ते, वाचा. जीटीएक्स १६५० ला तिथे १२_१ पर्यंत दिसतं. जीटीएक्स ७५० टीआय डीएक्स १२ चे गेम चालवतं, पण त्याची फीचर लेव्हल ११_० वरच थांबते.

व्हल्कनसाठी जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. खाली चौकटी आहेत, त्यांत व्हल्कनसमोर खूण पाहिजे. त्यातच शेडरची, म्हणजे कार्डातल्या हिशोब करणाऱ्या घटकांची, संख्याही बघून घ्या, विशेषतः कार्ड सेकंडहँड घेतलं असेल तर. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर असतात. त्याच नावाचं २०४८ शेडरवालं कार्डही बाजारात फिरतं आणि ते ताकदीनं आरएक्स ५७० च्या जवळचं आहे. आपल्या आकड्यांची दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करताना हा फरक माहीत नसेल, तर सगळा दोष एपीआयवर जातो.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. एपीआय बदलल्यावर गेम चुकून प्रोसेसरमधलं ग्राफिक्स उचलू शकतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' लावून टाका.

पायरी दुसरी: एक सोडून सगळं बांधून ठेवा

बदलायचा तो फक्त एपीआय. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) बंद करा, गेममध्येही आणि ड्रायव्हरच्या पॅनेलमध्येही. एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) येतात त्याची, मर्यादा काढा. डायनॅमिक रिझोल्यूशन बंद, लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारे डीएलएसएस आणि एफएसआर बंद. रिझोल्यूशन आणि स्क्रीनचा मोड दोन्ही फेऱ्यांत सारखा ठेवा. ब्राउझर, डाउनलोड, स्क्रीन रेकॉर्डिंग, विंडोज अपडेट सगळं थांबवा. आणि वहीत पहिल्या ओळीला ड्रायव्हरचा नंबर लिहा.

ड्रायव्हरच्या नंबरावर मी अडून बसतो त्याला कारण आहे. जुलै २०२२ मध्ये एएमडीनं विंडोजवरचा आपला ओपनजीएल ड्रायव्हर सुधारला आणि माइनक्राफ्टची जावा आवृत्ती, जी ओपनजीएलवर चालते, तीच त्याच कार्डांवर एकदम वेगानं पळायला लागली. कार्ड बदललं नाही, गेम बदलला नाही. इंटेलची आर्क कार्डं २०२२ मध्ये आली तेव्हा डीएक्स १२ आणि व्हल्कनवर चांगली चालत, पण डीएक्स ९ आणि ११ च्या गेममध्ये मागे पडत. पुढच्या ड्रायव्हरांनी त्यात बरीच सुधारणा केली. तारीख आणि ड्रायव्हर नसलेला आकडा वर्षभरानं कुणाच्याच कामाचा राहत नाही.

एक फसवी जागाही सांगून ठेवतो. सेटिंगचं नाव सारखं असलं तरी आतलं काम सारखं असेलच असं नाही. डीएक्स ११ मध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढणं) येत नाही. डीएक्स १२ वर गेलात आणि गेमनं रे ट्रेसिंग आपोआप चालू केलं, तर तुम्ही दोन वेगळी कामं एकमेकांशी तोलताय. एपीआय बदलल्यावर गेम बंद करून परत चालू करा आणि सेटिंगचं प्रत्येक पान पुन्हा नजरेखालून घाला.

पायरी तिसरी: ऊन आणि लाइट

ही पायरी आपल्याकडे टाळून चालतच नाही. कार्ड तापलं की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतं. जानेवारीच्या पहाटे खोलीचं तापमान आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीचं तापमान यांत इतका फरक असतो, की त्यापुढे एपीआयचा फरक सहज झाकला जातो. डीएक्स ११ सकाळी मोजलं आणि १२ दुपारी जेवल्यावर मोजलं, तर वहीत ऊनच उतरेल.

पहाटे पाच ते सात ही उन्हाळ्यातली उत्तम वेळ. सगळ्या फेऱ्या एकाच बैठकीत उरका. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं गेम तसाच चालू ठेवा, म्हणजे कार्ड तापून एका जागी स्थिर होईल. मग क्रम असा लावा: ११, १२, १२, ११. परत १२, ११, ११, १२. खोली हळूहळू तापत गेली तरी तिचा भार दोघांवर सारखा पडतो. ११ च्या सगळ्या फेऱ्या आधी आणि १२ च्या नंतर घेतल्या, तर १२ ला कायम तापलेलं कार्ड मिळेल.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नका. कूलरची हवा ओलसर असते, आणि आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ त्या ओलाव्यानं पंख्याच्या पात्यांवर थापली जाते. मोजायच्या आदल्या दिवशी ब्लोअरनं कॅबिनेट साफ करा, पंख्याची पाती बोटानं धरून.

लाइटचं म्हणाल, तर डेस्कटॉपवर बरा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) असेल तर व्होल्टेज थोडं खालीवर झाल्यानं एफपीएस पडत नाहीत. मशीन एक तर चालतं, नाही तर बंद पडतं. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. मोठं कार्ड पूर्ण जोरात असताना लाइट गेली तर तो बसतो आणि फेरी वाया जाते. वाया गेलेली फेरी निदान कळते तरी. लॅपटॉपची फेरी वाया जात नाही, ती खोटी होते, आणि ते कळतसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर बॅटरीच्या खुणेकडे बघा, चार्जिंग चालू आहे ना. आता आमच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे.

पायरी चौथी: देखावा एकच हवा

एकदा गावातून पळत गेलात आणि दुसऱ्यांदा जंगलात लढाई केलीत, तर त्या दोन आकड्यांची तुलना होत नाही. ज्या गेममध्ये बेंचमार्क आतच दिलेला आहे तो सगळ्यात सोयीचा. 'शॅडो ऑफ द टूम रेडर' मध्ये डीएक्स ११ आणि १२ दोन्ही आहेत आणि बेंचमार्कही आहे. 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये व्हल्कन आणि डीएक्स १२ असा पर्याय प्रगत सेटिंगमध्ये मिळतो, बेंचमार्कसह.

मोबाइलच्या डेटावर एवढे मोठे गेम उतरवणं परवडत नसेल तर युनिजिनचा 'हेवन' घ्या. फुकट आहे, डाउनलोड लहान आहे आणि सुरू होतानाच डीएक्स ११ की ओपनजीएल असं विचारतो. एफ९ दाबलं की बेंचमार्क सुरू होतो. २००९ चा आहे आणि सगळा भार कार्डावर टाकतो, त्यामुळे मुनिमाचा खेळ त्यात दिसणार नाही. पण हात बसवायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

'डोटा २' हा फुकटचा गेमही चालेल. त्यात डीएक्स ११ आणि व्हल्कन दोन्ही आहेत. एखाद्या जुन्या सामन्याचा रीप्ले लावा, शेवटची मोठी लढाई निवडा आणि दर वेळी तीच दोन मिनिटं मोजा.

पायरी पाचवी: मोजा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिवाट्यूनर, ही जोडी सगळ्या एपीआयवर चालते. कॅपफ्रेमएक्स त्याहून बारीक आकडे देतं. लिनक्सवाल्यांसाठी मँगोहड आहे. (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनमधून डीएक्स ११ चा गेम चालवलात, तर त्यातलं डीएक्सव्हीके त्याचं व्हल्कनमध्ये भाषांतर करतं. म्हणजे ११ निवडलं तरी कार्डापर्यंत व्हल्कनच पोचतं.) साधन एकच धरा. '१ टक्का लो' (सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमवरून काढलेला एफपीएस) हा आकडा प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीनं काढतं, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

रिवाट्यूनर स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएसच्या शेजारी एपीआयचं नाव दाखवतो: डी३डी११, डी३डी१२, व्हल्कन. ते वाचा. सेटिंग बदललं पण गेम परत चालू केला नाही, म्हणून दोन्ही वेळा ११ च मोजलं, ही चूक भाच्यानं नाही, मी केलेली आहे.

डीएक्स १२ आणि व्हल्कनची पहिली फेरी नेहमी टाकून द्या. नव्या देखाव्यातले शेडर (इथे अर्थ वेगळा: चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) पहिल्यांदा तिथल्या तिथे तयार होत असतात आणि त्यामुळे गेम झटके खातो. दुसऱ्या फेरीला ते साठवलेले असतात. ड्रायव्हर नवा टाकला की ही साठवण बहुधा पुसली जाते, म्हणून त्यानंतरही पहिली फेरी मोजायची नाही. पहिल्या दहा मिनिटांत गेम अडखळला म्हणून 'व्हल्कन आपल्या कार्डावर चालत नाही' असं ठरवणारे पुष्कळ भेटतात.

प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहा: सरासरी एफपीएस, १ टक्का लो, कार्डाचा वापर किती टक्के आणि कार्डाचं तापमान. प्रत्येक एपीआयच्या निदान तीन चांगल्या फेऱ्या हव्यात.

सरासरीवर एकट्या का भागत नाही ते एकदा आकड्यात बघा. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची. आता समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदात आल्या आणि एकच फ्रेम ११५ मिलिसेकंद अडकली. बेरीज बरोबर एक सेकंद, फ्रेम ६०. सरासरी सांगेल ६० एफपीएस, सगळं छान. पण ती अडकलेली फ्रेम हाताला जाणवते, निशाणा चुकतो. १ टक्का लो हा आकडा अशाच अडकलेल्या फ्रेम उघड्या पाडतो.

पायरी सहावी: आकडे वाचा

समजा डीएक्स ११ च्या तीन फेऱ्या ७१, ७३, ७२ आल्या आणि १२ च्या ७४, ७१, ७५. चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घ्या: ७२ आणि ७४. फरक पावणेतीन टक्के. पण १२ च्या फेऱ्या आपापसातच ४ नं खालीवर होतायत. म्हणजे हा फरक धरायचा नाही, दोन्ही सारखेच लिहा. ७४ च्या जागी ८४ आले असते तर जवळपास सतरा टक्के, आणि तो खरा फरक.

आता कार्डाच्या वापराचा रकाना बघा. वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर हमाल पूर्ण कामात आहेत. मुनीम वाढवून तिथे फारसं हाती लागत नाही, आणि एपीआय बदलून फरक थोडाच पडतो. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर हमाल पावतीची वाट बघत उभे आहेत. डीएक्स १२ किंवा व्हल्कनचा खरा लाभ तिथेच मिळतो. प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्के दिसला म्हणून फसू नका. आठ कोअरपैकी एक पूर्ण भरलेला असला तरी एकूण आकडा कमीच दिसतो.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि दोन्ही एपीआय परत मोजा. कट्टे हलके केले तरी काम पुढे सरकत नसेल, तर अडलंय मुनिमापाशी.

१२ वर सरासरी वाढली पण १ टक्का लो पडला, असंही होतं. ४ जीबीच्या कार्डावर तर पहिला संशय मेमरीचा घ्या. नव्या रीतीत गोदामाची जागा गेम स्वतः वाटतो आणि बऱ्याचदा जास्त लागते. टेक्स्चर एक पायरी खाली आणून परत मोजा. झटके गेले तर मेमरीच कमी पडत होती.

आणि कार्डाकार्डाचा स्वभाव वेगळा असतो. 'डूम' या गेमला जुलै २०१६ मध्ये व्हल्कन मिळालं तेव्हा एएमडीच्या कार्डांनी ओपनजीएलपेक्षा मोठी उडी मारली, एनव्हीडियाची त्या मानानं थोडकीच वाढली. एनव्हीडियाचा ओपनजीएल ड्रायव्हर आधीच पक्का होता, म्हणून तिथे वाढायला जागाच कमी होती. शेजाऱ्याच्या एएमडी आरएक्सवर आलेला निकाल तुमच्या एनव्हीडिया जीटीएक्सला लागू होत नाही तो असा.

भाच्यानं तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून सगळं परत मोजलं, चार्जर इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये लावून. ११ आणि १२ ची सरासरी जवळजवळ सारखी आली, कार्डाचा वापर दोन्हीकडे ९७-९८ टक्के. ७२० वर आणल्यावर मात्र १२ स्पष्ट पुढे गेलं. जुनं पान त्यानं फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बॅटरीवर'.